पॅराशूट किती चौरस फुटांचं होतं?

पद्मश्री शीतल महाजन यांना,



शीतलताई, तुमची माझी ओळख नाही. मी पैठण रस्त्यावरच्या चितेगावात विज्ञान शिकवते.  तुमच्याबद्दल मात्र आमच्या शाळेतल्या मुलींना बरंच ठाऊक आहे. १८ एप्रिल २००४ रोजी, आधी एकही सरावउडी न मारता, तुम्ही उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून पॅराशूटसह उडी घेतलीत, तेव्हा तापमान उणे ३७ अंश होतं. डिसेंबर २००६ मध्ये अंटार्क्टिका, ११,६०० फूट. २०११ मध्ये पद्मश्री. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमधल्या पट्टायाच्या आभाळात नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर, २१,५०० फुटांवरून. मुली हे सगळं पाढ्यासारखं म्हणून दाखवतात.

यात उंची आहे, थंडी आहे. साडी सव्वाआठ मीटरची होती, हेसुद्धा छापून आलं. पण तुमच्या डोक्यावर उघडलेलं पॅराशूट किती चौरस फुटांचं होतं, हे मी वाचलेल्या एकाही मराठी बातमीत नाही. तुम्ही धडधाकट पायांवर उभ्या राहिलात, त्यात ज्या आकड्याचा वाटा मोठा, तोच नेमका गाळलेला. हे पत्र तो आकडा मागण्यासाठी आहे.

या आकड्याचं महत्त्व मला कळलं ते मावसभावामुळे. तो नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात असतो, तिथल्या पेरिसच्या मैदानावर स्कायडायव्हिंग शिकला. पहिल्याच दिवशी त्याला वजनकाट्यावर उभं केलं. भीती वाटते का, असं कुणी विचारलंच नाही म्हणून स्वारी जरा हिरमुसली होती. ‘वजन विचारतात, जिगर विचारत नाहीत,’ असं फोनवर म्हणाला. मी म्हटलं, बरोबर आहे त्यांचं. जिगर काट्यावर येत नाही आणि पॅराशूटला ती कळतही नाही.

हिशेब सोपा आहे. उडी मारणाऱ्याचं सामानासकट वजन पौंडांत घ्यायचं आणि पॅराशूटच्या क्षेत्रफळाने, म्हणजे चौरस फुटांनी, भागायचं. येणाऱ्या आकड्याला विंग लोडिंग म्हणतात. ७० किलोचा माणूस, त्यावर पाठीवरचा संच, कपडे, हेल्मेट मिळून १२ किलो. एकूण ८२ किलो, म्हणजे साधारण १८० पौंड. २३० चौरस फुटांच्या पॅराशूटखाली आकडा येतो ०.७८. तोच माणूस १५० चौरस फुटांखाली लटकला की १.२. नवशिक्याने एकच्या आत राहावं, असा जगभरच्या शिक्षकांचा रिवाज आहे. शिकवायची पॅराशूटं म्हणूनच चांगली ऐसपैस, दोनशे-तीनशे चौरस फुटांच्या दरम्यानची असतात.

वर्गात मी याच्यापुढे एक पायरी जाते. पॅराशूट निम्म्या क्षेत्रफळाचं केलं तर वेग दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होतो. मुली म्हणतात, मग एवढं काय? पण जमिनीवर आपटताना हिशेब वेगाच्या वर्गाचा असतो. १.४ चा वर्ग जवळपास दोन. म्हणजे जमिनीला भेटताना अंगात असलेली ऊर्जा दुप्पट, आणि ती रिचवायला हाडं मात्र तीच. हे गणित नववीच्या पुस्तकात आहे, फक्त तिथे पॅराशूट नाही.

आता तुम्हाला ठाऊक असलेलीच गोष्ट सांगते, कारण हे पत्र इतरही वाचतील. पूर्वीचं पॅराशूट गोल होतं. त्याला दिशा फारशी देता येत नसे. वारा नेईल तिकडे जायचं आणि धप्पकन पडायचं. १९६० च्या दशकात अमेरिकेत डोमिना जाल्बर्ट यांनी कापडी पंखाची कल्पना पुढे आणली: समोरून तोंडं उघडी असलेले कप्पे, त्यांत हवा भरली की ते फुगतात आणि विमानाच्या पंखासारखा आकार घेतात. आज खेळात वापरतात ते चौकोनी पॅराशूट या कुळातलं. पुढे बिल बूथ यांची तीन कड्यांची रचना आली. तिच्यामुळे बिघडलेलं मुख्य पॅराशूट एका हिसक्यात तोडून टाकता येतं आणि राखीव उघडता येतं. १९९१ मध्ये जर्मनीच्या हेल्मुट क्लोट यांनी सायप्रस नावाचं यंत्र आणलं. माणूस बेशुद्ध झाला किंवा भांबावला आणि ताशी सव्वाशे किलोमीटरहून जास्त वेगाने कोसळत साडेसातशे फुटांपर्यंत आला, तर ते आपणहून राखीव पॅराशूट सोडतं. या सगळ्याचा परिणाम दिसतो. अमेरिकेत १९७० च्या दशकात या खेळात वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक माणसं मरत. २०२३ मध्ये साडेछत्तीस लाखांच्या आसपास उड्या झाल्या आणि दहा माणसं गेली.

पण हा पंख जसा अलगद उतरवतो तसा सूरही मारतो. लोकांना वाटतं, माणूस मरतो तो पॅराशूट उघडलं नाही म्हणून. या खेळातले कितीतरी मृत्यू, आणि मोडलेल्या मांड्या-घोट्यांचा तर मोठा हिस्सा, ठणठणीत उघडलेल्या पॅराशूटखाली होतो. कसा, तर शंभर-दीडशे फुटांवर आल्यावर ध्यानात येतं की समोर तार आहे किंवा वारा पाठीमागून आहे. हात घाबरतो, एका बाजूचा टॉगल, म्हणजे पॅराशूट वळवायची मूठ, जोरात ओढतो. पंख त्या बाजूला कलंडतो आणि नाक खाली घालतो. माणूस लंबकासारखा बाहेर फेकला जातो. हा सूर आपोआप सावरतो, पण सावरायला जितकी उंची लागते तितकी आता शिल्लक नसते. सायप्रसला यातलं काही कळत नाही. पॅराशूट उघडलंय, माणूस हळूहळू खाली येतोय, त्याच्या लेखी सगळं आलबेल. शेवटच्या तीनशे फुटांत ही चूक सावरणारं यंत्र माझ्या तरी माहितीत नाही. तिथे आधी निवडलेलं क्षेत्रफळ असतं आणि शिकलेले हात.

म्हणून शिक्षक सांगतात की उतरणं वरूनच ठरवून ठेवा. हजार फुटांवर वाऱ्याच्या दिशेने, सहाशेच्या सुमारास आडवं वळण, तीनशेला वाऱ्याच्या तोंडावर, आणि त्याखाली मोठं वळण नाही. चुकून वारा पाठीमागून राहिला तरी तसंच सरळ उतरा. जोरात उतराल, लोळाल, कपडे मळतील. पण वळायला गेलात तर फाइल बंद. पंख समतल, समोर मोकळी जागा, दोन्ही टॉगल सारखे, पाय जुळलेले, आणि जमीन लागली की अंग टाकून लोळण घ्यायची. आमच्या विहिरी मोजायच्या भाषेत सांगायचं तर दोन पुरुष उंचीवर दोन्ही टॉगल एकसारखे खाली ओढायचे. याला फ्लेअर म्हणतात. नाथसागर जलाशयाच्या काठावर बगळा उतरताना छाती वर करून पंख पसरतो, पुढचा वेग मोडतो आणि मग पाय टेकवतो, तसंच. लवकर ओढले गेले तर हात वर सोडायचे नाहीत, आहेत तिथे धरून ठेवायचे. सोडले की पॅराशूट पुढे झेपावतं आणि आपण पाठीवर. ही एवढी गोष्ट कळायला भावाला किती दिवस लागले ते तो सांगत नाही, पण घोट्याला पट्टी बांधलेला त्याचा एक फोटो माझ्याकडे आहे.

आता आमच्या मुलींकडे येते, कारण खरा प्रश्न त्यांचा आहे. आमच्याकडच्या अनेक मुली पंचेचाळीस-पन्नास किलोच्या. पन्नास किलोची मुलगी, सामान अकरा किलो, एकूण साधारण १३४ पौंड. २३० चौरस फुटांखाली तिचा आकडा येतो ०.५८. कागदावर हे फारच सुरक्षित. मैदानावर मात्र वारा जरा वाढला की ही मुलगी पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी लटकते, नाहीतर मागे मागे जाते. मग कुणीतरी म्हणतं, तू हलकी आहेस, लहान घे. १३५ चौरस फुटांचं घेतलं की आकडा जवळपास एक. शिक्षकांच्या विंग लोडिंगच्या तक्त्यात बसतं! पण लहान पॅराशूटच्या दोऱ्याही आखूड असतात, त्यामुळे आकडा तोच असला तरी ते मोठ्यापेक्षा फार चपळपणे वळतं, आणि नवख्या हाताची चूक तितक्याच चपळपणे अंगावर येते. हा तक्ता ऐंशी किलोच्या गोऱ्या माणसाला समोर ठेवून बनला असावा, असा मला दाट संशय आहे. पैठण तालुक्यातल्या हलक्या मुलीने काय करावं? माझं उत्तर असं की तिने आकडा एकच्या बराच खाली ठेवावा, आकार टप्प्याटप्प्यानेच कमी करावा, आणि वारा असेल त्या दिवशी उडी मारू नये. घरी बसण्याचा सल्ला मर्दुमकीच्या गोष्टीत बसत नाही हे मला कळतं. पण तुम्ही इतक्या वर्षांत वाऱ्यामुळे कितीदा विमानातून उतरून परत आला असाल? ते एकदा मुलींना सांगा. रेकॉर्डइतकंच ते त्यांना उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट आमच्या हवेची. आमच्या जवळचा चिकलठाणा विमानतळ समुद्रसपाटीपासून १,९११ फुटांवर आहे. चितेगाव साधारण तितक्याच पातळीवर. मे महिन्यात दुपारी पारा एक्केचाळीसवर गेला की हवा तापून विरळ होते. ती किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ, याचा हिशेब मांडून पाहिला तर उत्तर जवळपास ५,४०० फूट येतं. म्हणजे प्रमाण वातावरणाच्या तक्त्यानुसार कळसूबाईच्या माथ्यावर हवा जितकी विरळ असायला हवी तितकी विरळ हवा त्या दुपारी आमच्या कपाशीच्या रानात असते. विरळ हवेत तोच भार पेलायला पंखाला जास्त वेगाने पळावं लागतं. समुद्रकाठच्या गार सकाळपेक्षा आमच्याकडे जमिनीला टेकताना वेग आठ-नऊ टक्क्यांनी वाढलेला. समुद्रकाठी शिकून इथे येणाऱ्याला हा फरक कुणी सांगितला नाही, तर तो फ्लेअर नेहमीच्या अंदाजाने करेल आणि जमीन त्याच्या अंदाजाआधी येईल.

त्यात वावटळी. मार्चपासून नांगरून ठेवलेल्या काळ्या रानात दुपारी वावटळ उठते, पाचोळा, पॉलिथिन, कधीमधी पत्राही उचलते. कापडी पंखाच्या वाटेत ती आली आणि उंची पन्नास फूट असली तर पंख मिटतो, पुन्हा फुगायला जागा नसते. जिथे धूळ दिसत नाही तिथेही वावटळ असू शकते. नांगरटीऐवजी गवताळ माळ असला की ती डोळ्यांना दिसतच नाही. आमच्याकडे कुणी उड्या मारायच्या म्हटल्या तर हिवाळ्यातली सकाळ हीच वेळ. उन्हाळ्यात दहाच्या आत गुंडाळावं.

आणि जमीन! परदेशी पुस्तकांत मोकळं मैदान म्हणजे गवत. आमच्याकडे वरून मोकळं दिसणारं रान जवळ गेल्यावर वेगळंच निघतं. ज्वारी काढलेल्या वावरात धसकटं उभी असतात, बुटाचा तळ फाडतील अशी. कपाशी वेचून झाली तरी पऱ्हाट्या उपटेपर्यंत त्या छातीइतक्या उभ्या. मोसंबीच्या बागा. कठडा नसलेल्या विहिरी. आता तर गावोगाव शेततळी झाली आहेत, आत काळा प्लॅस्टिकचा कागद. त्यात पडलेलं जनावरसुद्धा स्वतःहून वर येत नाही, कागदावरून पाय घसरतात. पट्टे, दोऱ्या आणि भिजलेलं कापड अंगाला गुंडाळलेला माणूस कसा येणार? बिडकीनकडे औद्योगिक वसाहतीचे रुंद रस्ते झाले आहेत, तिथे खांब आहेत. उच्च दाबाच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून दोन खांब दिसले की मधे तार आहेच असं धरून चालायचं. पैठणच्या बाजूला नाथसागराचं पाणी. अशा मुलखात उतरायची जागा निवडणाऱ्याने आधी आठवडाभर मोटारसायकलवर फिरून शेतकऱ्यांशी बोलावं, असं मला वाटतं. ड्रोनच्या चित्रात विहीर दिसेल, पण तिची मोटार कुठे आणि वायर कुठून आलीय ते नाही दिसणार.

विरळ हवेचा विषय निघालाच आहे म्हणून एव्हरेस्टकडे वळते. २१,५०० हा आकडा सगळ्यांनी ठळक छापला. तुम्ही उतरलात काळापत्थरला, १७,४४४ फुटांवर. म्हणजे पायाखालची जमीन अवघी चार हजार फूट दूर. पट्टायाला १३,००० फुटांवरून मिळालेला निवांत वेळ इथे नव्हता. बाहेर पडलं की लगेच पॅराशूट उघडायला हवं, आणि काही बिघडलंच तर ठरवायला फार थोडे क्षण. शिवाय माझ्या हिशेबाने त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्याही खाली जाते. तेच पॅराशूट तिथे तीस टक्क्यांच्या आसपास जास्त वेगाने उतरतं. तेव्हा तुम्ही नेहमीपेक्षा मोठं पॅराशूट घेतलंत का? किती मोठं? राखीव नेहमीच्या संचातलंच होतं की वेगळं? उतरायच्या जागी दगड होते, तर फ्लेअर कुठे सुरू केलात? माझ्या मते तुमच्या सगळ्या पराक्रमांतलं हे उतरणं सगळ्यात शहाणपणाचं होतं, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं गेलं. बातमीदारांना उंचीचं वेड असतं, त्याला तुम्ही काय करणार. पण उत्तर तर तुमच्याकडेच आहे.

नऊवारीबद्दलही एक विचारायचं आहे. साडीवरून संच चढवलात, पिना आणि चिकटपट्ट्या लावून कापड पक्कं केलंत, एवढं वाचलं. आमच्या मुलींना तो फोटो फार आवडतो, आणि मला त्यात काष्ट्यापेक्षा छातीवरची हँडलं बघायची सवय लागली आहे. पदराचा एक सुटा घोळ मुख्य पॅराशूट तोडायच्या किंवा राखीव उघडायच्या हँडलवर आला असता, तर हात कापडात गेला असता. तुम्ही ते होऊ दिलं नाहीत. जमिनीवर किती वेळ त्याची तालीम केलीत, कोणी तपासलं, हे सांगितलंत तर नऊवारीचा तो फोटो मुलींना निराळा दिसेल.

सामान विकत घेण्याचं म्हणाल तर आमच्याकडे ते परवडण्याजोगं नाही, आणि म्हणूनच धोका जास्त. कुणीतरी परदेशातून वापरलेला संच स्वस्तात आणतो. विकणाऱ्याला त्याचं लहान, चपळ पॅराशूटच विकायचं असतं, कारण तो त्याहून लहानाकडे निघालेला असतो. घेणाऱ्याला मिळतंय यातच आनंद. माझं म्हणणं, पैसे आधी राखीव पॅराशूटवर आणि आपोआप उघडणाऱ्या यंत्रावर खर्च व्हावेत, मग अंगाला नीट बसणाऱ्या पट्ट्यांवर. बारीक चणीच्या मुलीला मोठ्या मापाचा संच दिला की उघडतानाच्या हिसक्यात पट्टे सरकतात, हँडलं काखेत जातात. मुख्य पॅराशूट मोठं, जुन्या धाटणीचं, अगदी कंटाळवाणं चालेल. राखीव तर परवानाधारक रिगरनेच, म्हणजे पॅराशूट तपासून भरणाऱ्या तंत्रज्ञानेच, भरलेलं हवं. अमेरिकेत ते दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा भरावं लागतं, वापरलं असो वा नसो.

नियमांचं म्हणाल तर सरकारनेही कागद केले आहेत. राज्याचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये आलं, केंद्राचं हवाई क्रीडा धोरण जून २०२२ मध्ये, आणि त्यात स्कायडायव्हिंगचा स्पष्ट समावेश आहे. त्याच वर्षी डिसेंबरात कुलूला पॅराग्लायडिंग करताना साताऱ्याकडचा एक तरुण पर्यटक उंचावरून पडून गेला. अशी बातमी आली की आठवडाभर बंदीची भाषा होते, मग सामसूम. बंदीने मुली काही शिकत नाहीत. प्रत्येक उडीच्या नोंदीत वजन, पॅराशूटचं क्षेत्रफळ, जमिनीवरचा वारा आणि तापमान हे चार रकाने सक्तीचे करा, असा आग्रह तुमच्यासारखीने धरला तर तो ऐकला जाईल. माझ्यासारखीने अर्ज केला तर पोच मिळेल.

तेव्हा विनंती अशी की एकदा चितेगावला या. मेमध्ये नको, जानेवारीत या. उडी मारायला बोलावत नाही. शाळेचं मैदान लहान आहे, पूर्वेला तारा आहेत, शेजारी विहीर आहे. नेहमीचं भाषण अर्ध्या तासात आटपा, आणि उरलेला वेळ फक्त उतरण्यावर बोला: कुठे आपटलात, कधी उडी रद्द केलीत, कोणतं पॅराशूट नको म्हणून परत केलंत. निवृत्त झालेलं एखादं जुनं पॅराशूट असेल तर बरोबर आणा. मुली ते मैदानात पसरून मोजतील. पन्नास फुटी टेप आमच्याकडे आहे, वजनकाटा मी स्वयंपाकघराच्या खोलीतून आणून ठेवते.

आपली,
चितेगावची एक विज्ञान शिक्षिका
ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर